शिलेदारी : घोडा आपला, वाट राज्याची

महाड-पोलादपूर भागातील विद्यार्थ्याला उमरठची ओळख करून द्यावी लागत नाही. सुभेदार तानाजी मालुसरे यांचे हे गाव. ४ फेब्रुवारी १६७० रोजी ते कोंढाण्यावर पडले. त्यांची समाधी येथे आहे. निष्ठेची गोष्ट निघाली की आपण उमरठकडे बोट दाखवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या काळच्या फौजा केवळ निष्ठेवर उभ्या नव्हत्या. त्यांत करारही होता, पगार होता आणि एक धनी सोडून दुसऱ्याकडे जाणारी माणसेही होती. या व्यवहाराचे नाव शिलेदारी. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यानंतर तेथील करारावर काम करणाऱ्या हजारो लोकांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो समजून घ्यायला हा जुना शब्द फार उपयोगी पडतो.

शिलेदार आणि बारगीर

मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. तो पागेचा माणूस. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई. साहजिकच त्याचा पगार अधिक आणि मानही अधिक. पण घोड्याचा दाणावैरणीचा खर्च त्याचा, आणि घोडा लढाईत पडला तर भरपाई मिळणार की नाही, हे चाकरीच्या अटींवर ठरे. म्हणून ऐन लढाईत शिलेदार आपल्या घोड्याला जपतो, अशी तक्रार नेहमी होई. शिवाजी महाराजांनी पागेवर अधिक भर दिला, त्याचे एक कारण हेच असावे. तरीही शिलेदारांवाचून भागत नव्हते. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या अखेरच्या काळातील पागा ४५ हजार, तर शिलेदार ६० हजार असे आकडे येतात.

इंग्रजीतील ‘फ्रीलान्स’ हा शब्द मुळात याच अर्थाचा आहे. आपला भाला घेऊन जो पगार देईल त्याच्याकडे लढणारा, तो फ्रीलान्स. १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या सर वॉल्टर स्कॉट यांच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीने तो रूढ केला. पुढे भाला गेला. लेखणी, कॅमेरा, संगणक आले. शब्द तोच राहिला.

शिलेदाराची खरी ताकद कशात होती? एकापेक्षा अधिक दरबार एकमेकांच्या स्पर्धेत होते, यात. निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्या ओढाताणीत शहाजीराजांसारखा कर्तबगार सरदार आपल्या अटींवर चाकरी बदलू शकला. अनेक दरवाजे उघडे असतील तरच कसबाला भाव येतो. दरवाजे कोणाच्या हातात आहेत, हा प्रश्न मात्र सुकाळात कोणी विचारीत नाही.

शिंदे-होळकरांचे युरोपियन चाकर

अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रश्न मोठ्या विलक्षण रीतीने पुढे आला. या वेळी शिलेदार होते युरोपियन आणि धनी होते मराठे. सव्हॉयचा बन्वा द ब्वान्य (आपल्या इतिहासात ‘डी बॉयन’) फ्रान्स, रशिया आणि मद्रासेस कंपनी सरकार अशा तीन चाकऱ्या करून १७८४ च्या सुमारास महादजी शिंद्यांकडे आला. त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या, संपत्ती मिळवली आणि मायदेशी परतून १८३० साली मरण पावला. शांबेरी या त्याच्या गावी हत्तींच्या शिल्पांचे कारंजे आजही त्याची आठवण सांगत उभे आहे. त्याच्या मागोमाग फ्रेंच, इंग्रज, स्कॉटिश आणि मिश्र वंशाचे अनेक अधिकारी शिंदे-होळकरांच्या पदरी आले.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांचा पराभव केला. दोन्ही बाजूंच्या कवायती पलटणींवर युरोपियन अधिकारी होते. होळकरांच्या विजयात व्हिकर्स या अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता. दुसरा बाजीराव पळाला तो सिंहगड, रायगडमार्गे आपल्या महाडास आला; तेथून सुवर्णदुर्ग आणि समुद्रमार्गे वसई. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. इंग्रजांशी वैर असलेल्या राष्ट्रांच्या युरोपियनांना पेशव्यांनी चाकरीस ठेवू नये, असेही एक कलम त्यात होते.

पुढच्याच वर्षी इंग्रज-मराठा युद्ध पेटले. ऑगस्ट १८०३ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्ली याने जाहीरनामा काढला : शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश प्रजाजनांनी ती सोडावी, सोडतील त्यांची सोय कंपनी सरकार करील. इकडे शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने इंग्रज आणि अर्धइंग्रज अधिकाऱ्यांना स्वतःहून काढून टाकले. त्यांत जेम्स स्किनर होता. बाप स्कॉटिश, आई रजपूत. कंपनीच्या फौजेत मिश्र रक्तामुळे त्याला प्रवेश नव्हता, म्हणून तो शिंद्यांकडे आला होता. आता इंग्रज रक्त आहे म्हणून तीही चाकरी गेली. १८०४ मध्ये व्हिकर्स, डॉड आणि रायन या तिघांचा होळकरांनी शिरच्छेद केला. त्यांनी देशबांधवांविरुद्ध लढण्यास नकार दिला, असे इंग्रज लेखक म्हणतात; होळकरांच्या दृष्टीने तो सरळ दगा होता. दीड वर्षापूर्वी हडपसरला ज्याच्या कसबाचे मोल होते, त्याच व्हिकर्सचे तेव्हा फक्त राष्ट्रीयत्व पाहिले गेले.

ब्रिटनमधील आजचे शिलेदार

युरोपीय संघाचा नागरिक संघातील कोणत्याही देशात परवान्याशिवाय काम करू शकतो. या नियमाच्या बळावर लंडनचा संगणकतज्ज्ञ फ्रँकफर्टच्या बँकेत सहा महिने, मग ॲमस्टरडॅममध्ये वर्षभर, असा कामे घेत असे. पुष्कळांची एका माणसाची स्वतःची कंपनी असे. हा त्यांचा घोडा. २३ जून २०१६ च्या सार्वमताने ब्रिटनने बाहेर पडण्याचा कौल दिला. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडले आणि ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला. मधली साडेचार वर्षे अधांतरी गेली. पुढच्या वर्षी हा माणूस कायद्याने काम करू शकेल की नाही, हेच ठाऊक नसेल तर त्याच्याशी दीर्घ मुदतीचा करार कोण करणार?

त्यानंतरचे चित्र असे आहे. ब्रिटिश नागरिक शेंगेन देशांत १८० दिवसांपैकी ९० दिवस व्हिसाशिवाय राहू शकतो. पण राहणे वेगळे आणि काम करणे वेगळे. कामाचे नियम प्रत्येक देशाचे निराळे. व्यापार-कराराने स्वतंत्र व्यावसायिकांसाठी एक फट ठेवली आहे, पण सर्वसाधारणपणे पदवी आणि सहा वर्षांचा अनुभव मागितला जातो, आणि मुदत बारा महिन्यांपर्यंतच. दौऱ्यावर जाणाऱ्या वादकांना वाद्यांच्या कागदपत्रांपासून सामानाच्या ट्रकने किती ठिकाणी थांबावे येथपर्यंत अडचणी आल्या. ज्यांच्या आजी-आजोबांपैकी कोणी आयर्लंडचे होते, त्यांनी आयरिश पासपोर्ट काढला आणि त्यांचे दरवाजे उघडे राहिले. कसब दोघांचेही तेच; फरक पडला तो आजीच्या जन्मगावाने!

आपल्यापुरता विचार

आपल्या तालुक्यांतील कितीतरी घरे मुंबईच्या पगारावर चालतात आणि कोकणातील पुष्कळ माणसे आखातात आहेत. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. त्यांच्या कामात काही खोट नव्हती. राज्य उलटले होते. महाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी ठेकेदारामार्फत लागणाऱ्या ‘कंत्राटी’ कामगाराला मात्र शिलेदार समजण्याची चूक करू नये. घोडा त्याचा नाही आणि पागेची शाश्वतीही त्याला नाही. शिलेदाराची जोखीम आहे, शिलेदाराचा भाव नाही, अशी ही तिसरीच अवस्था आहे.

पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या आपल्यातील अनेकांना येत्या काळात करारावरच काम मिळेल. ते कमीपणाचे नाही. मात्र सही करण्यापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात : साधन कोणाचे? ते मोडले तर नुकसान कोणाचे? काम करण्याची परवानगी कोणाच्या मर्जीवर? आणि हा दरवाजा बंद झाला तर दुसरा कोणता उघडा आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे करारात सापडतात. उरलेल्या दोहोंसाठी वर्तमानपत्र वाचावे लागते, मत द्यावे लागते आणि राज्य कोणत्या दिशेने चालले आहे याकडे लक्ष ठेवावे लागते. राजकारणाशी आपला काय संबंध, असे म्हणणे बारगिराला एक वेळ परवडेल. ज्याने स्वतःचा घोडा बाळगला आहे त्याला ते परवडणार नाही.