इलेक्ट्रॉन जड झाला तर

शीत संलयनाचा, म्हणजे कोल्ड फ्यूजनचा, विषय निघाला की आपल्याकडे गाडी हमखास ट्रॉम्बेला जाते. २३ मार्च १९८९ला अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी जाहीर केलं की, जड पाण्यात पॅलॅडियमची कांडी ठेवून वीज सोडली तर रसायनशास्त्राला न पटणारी उष्णता निघते. महिनाभरात ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. अय्यंगार, एम. श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. न्यूट्रॉन सापडले, पण ट्रिटियम त्यांच्या लाखो पटींनी जास्त! पाठ्यपुस्तकाप्रमाणे दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत.

असं संलयन घडतं कसं, असा प्रश्न आला की मला मात्र कोलकाता आठवतं.

जड पाण्यातल्या ड्युटेरियमचे दोन अणुगर्भ एकमेकांना ढकलतात, ही खरी अडचण. कूनिन आणि नॉएनबर्ग यांनी १९८९मध्येच हिशेब मांडला: साध्या ड्युटेरियम रेणूत संलयनाची शक्यता सेकंदाला इतकी कमी, की दशांश चिन्हानंतर ६३ शून्यं लिहावी लागतात. केलेले दावे खरे ठरायचे तर इलेक्ट्रॉन पाच ते दहा पट जड हवा. जड इलेक्ट्रॉन अणुगर्भांना जवळ ओढतो, एवढंच सूत्र. बहुतेक सिद्धान्त या ना त्या वाटेनं याच अडचणीशी झुंजतात.

जड इलेक्ट्रॉनाचं काम करणारा कण निसर्गात आहे: म्यूऑन, इलेक्ट्रॉनाच्या २०७ पट जड. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये देवेंद्रमोहन बोस आणि बिभा चौधुरी यांनी दार्जिलिंगच्या डोंगरांत फोटोग्राफीच्या पट्ट्या ठेवून विश्वकिरणांतल्या, इलेक्ट्रॉनाच्या सुमारे २०० पट जड कणांचे माग टिपले. दुसऱ्या महायुद्धामुळे चांगल्या पट्ट्या मिळेनात, काम तिथंच थांबलं. याच तंत्रासाठी १९५०चं नोबेल सेसिल पॉवेलना मिळालं. चौधुरींचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत अजूनही शोधावं लागतं, हे मला खटकतं.

म्यूऑनमुळे थंड संलयन होतं, हे वादातीत आहे. १९५६मध्ये अल्वारेझ यांनी द्रव हायड्रोजनच्या टाकीत ते पाहिलं. पण म्यूऑन जगतो जेमतेम २.२ मायक्रोसेकंद, आणि त्याला तयार करायला लागणारी ऊर्जा परत मिळत नाही.

मग धातूतच काही जमेल का? विडम आणि लार्सन म्हणतात, पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन तिथल्या तीव्र विद्युतक्षेत्रात जड होतात, प्रोटॉनमध्ये शिरतात आणि मंद न्यूट्रॉन घडवतात. ढकलाढकलीचा प्रश्नच मिटला! पण त्यासाठी लागणारी ०.७८ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा धातूच्या तुकड्यात एका ठिकाणी जमणार कशी, याचं समाधानकारक उत्तर मला त्यांच्या गणितात दिसत नाही. श्विंगर आणि हेगलस्टाइन यांचा भर निराळा: हेलियम बनताना सुटणारी सुमारे २४ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा गामा किरणाऐवजी स्फटिकाच्या कंपनांत विरते. येओंग किम यांनी सत्येंद्रनाथ बोसांनाच साक्षीला आणलं. ड्युटेरॉन बोसॉन आहे, म्हणून धातूत त्यांचं बोस-आइन्स्टाइन संघनन होईल. पण कक्षतापमानाला ते होतं, हे कुणी दाखवलेलं नाही.

धातू अणुगर्भावर किती प्रभाव टाकतो, हे कोलकात्याच्याच सॉल्ट लेकमध्ये मोजलं गेलं. व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमधल्या अमलान राय यांच्या गटानं बेरिलियम-७ सोन्यात आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडमध्ये रोवलं. हा अणुगर्भ स्वतःचाच इलेक्ट्रॉन गिळून क्षय पावतो, त्यामुळे भोवतालच्या इलेक्ट्रॉनांची दाटी बदलली की क्षयाचा वेग बदलायला हवा. बदलला, साधारण ०.७ टक्क्यांनी. प्रभाव असतो, हे खरं. पण संलयनाच्या शक्यतेतली ती ६३ शून्यं पुसायला तो कितीसा पुरणार?

२०२५मध्ये व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पॅलॅडियमवर ड्युटेरियमचा मारा करताना दुसऱ्या बाजूनं वीज देऊन धातूत आणखी ड्युटेरियम भरलं, तेव्हा संलयनाचा वेग सरासरी १५ टक्क्यांनी वाढला. न्यूट्रॉन मोजूनच हे ठरवलं. त्यात जड इलेक्ट्रॉन नाही, संघनन नाही. इंधन दाट झालं, टकरी वाढल्या, आणि मिळालेली ऊर्जा खर्ची पडलेल्या विजेच्या पासंगालाही पुरली नाही.