अवकाशयान वितळत का नाही?

पृथ्वीभोवती फिरणारे अवकाशयान परतताना सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहेच. १ किलोग्रॅम वस्तुमानासाठी गणित करून पाहा. उत्तर सुमारे ३ कोटी ज्यूल येईल. १ किलोग्रॅम ॲल्युमिनियम तापवून वितळवायला जेमतेम १० लाख ज्यूल पुरतात! मग यान वितळत का नाही? कारण बहुतेक उष्णता यानापुढे दाबल्या गेलेल्या हवेबरोबर निघून जाते. उरलेला थोडा भाग मात्र यानाच्या कवचाला सोसावा लागतो.

अमेरिकेच्या स्पेस शटलचा सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमचा होता. तो सुमारे १७५ अंश सेल्सियसच्या वर तापू देऊन चालत नसे. त्यावर चिकटवलेल्या काळ्या सिलिका-फरशांचा पृष्ठभाग मात्र १२०० अंशांच्या घरात जाई. मग फरशी किती जाड हवी?

हे गणित तुम्हीही मांडू शकाल. फरशीचे सारख्या जाडीचे पातळ थर कल्पा. कालखंड योग्य निवडला, तर थराचे नवे तापमान म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांच्या आधीच्या तापमानांची सरासरी. समजा, आतले सर्व थर ३० अंशांवर आहेत आणि पृष्ठभाग एकदम १२३० अंशांवर नेऊन तेथेच ठेवला. आतील पहिल्या तीन थरांची तापमाने अशी येतील:

पहिल्या कालखंडानंतर – ६३०, ३०, ३०
दुसऱ्यानंतर – ६३०, ३३०, ३०
तिसऱ्यानंतर – ७८०, ३३०, १८०

उष्णता आत कशी सरकते, पाहिलेत? थराची जाडी दुप्पट केली, तर कालखंड चौपट घ्यावा लागतो. म्हणजे दुप्पट जाड फरशी चौपट वेळ दम धरते. पण तिचे वजनही वाढते!

खऱ्या फरशीत तापमानाबरोबर उष्णतावाहकताही बदलते. म्हणून खरे गणित संगणकावर करतात आणि तप्त वायूच्या झोतात नमुना धरून ते पडताळतात. ही पडताळणी फार मोलाची असते. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणाच्या वेळी ‘कोलंबिया’च्या डाव्या पंखावर इंधनटाकीवरील फेसाचा तुकडा आदळला. नुकसानीचा अंदाज ज्या गणिताने केला, ते शेकडो पटींनी लहान तुकड्यांच्या प्रयोगांवर बेतलेले होते. धोका नाही, असे ठरले. प्रत्यक्षात पंखाच्या पुढच्या कडेला भोक पडले होते. १ फेब्रुवारीला परतताना तप्त वायू त्यातून आत शिरला, ॲल्युमिनियम वितळले, यान मोडले आणि कर्नालच्या कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

गणिताचा आधार जिथवर तपासला आहे, तिथवरच त्याच्या उत्तरावर विसंबावे. आता चौथ्या कालखंडाची ओळ तुम्ही लिहा.