पऱ्हाटी जाळू नका, तिचा धंदा करा

नंदुरबार-शहाद्याकडच्या कापसाच्या धंद्यात रुई आणि सरकी दोन्ही विकली जातात. एक क्विंटल कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. तिचे तेल व ढेप होते, हे आमचे व्यापारी बंधू जाणतातच. शेतातली पऱ्हाटी मात्र बहुधा बांधावर जाळली जाते. पडून राहिली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो.

मुंबईत माटुंग्याला 1924 पासून चालत आलेल्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड आणि जळणाच्या कांड्या करण्याचे तंत्र तयार केले आहे. बोर्ड सुतारांच्या कामाचा, कांड्या भट्टीवाल्यांच्या.

भांडवलाचे काय? पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम 2008 मध्ये सुरू झाला. 2022 च्या नियमांत कारखान्यासाठी 50 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. अल्पसंख्याकांना ग्रामीण भागात 35 टक्के, शहरात 25 टक्के अनुदान आणि स्वतःचा वाटा 5 टक्के. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते. तोवर हप्ते आपणच भरायचे. शिवाय पऱ्हाटी हंगामातच मिळते आणि वजनाच्या मानाने जागा फार खाते, म्हणून दूरची वाहतूक परवडत नाही. तेव्हा आम्ही एवढेच सुचवतो की आधी जवळपासच्या गावांतला माल आणि कायमचे गिऱ्हाईक पक्के करा, यंत्राचा विचार त्यानंतर.