आकाशगंगेच्या तबकडीला शेजाऱ्यांचा धक्का

आपली आकाशगंगा चित्रांत सपाट तबकडीसारखी दिसते. प्रत्यक्षात ती भाजलेल्या पापडासारखी आहे. मधला भाग सपाट, पण कड एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली वळलेली. हायड्रोजन वायूकडून येणाऱ्या २१ सेंटीमीटरच्या रेडिओलहरींमुळे १९५७ मध्ये हा बाक लक्षात आला. त्याचे एक संभाव्य कारण म्हणजे आपल्या शेजारच्या ‘मोठ्या मॅजेलन मेघा’चे गुरुत्वाकर्षण.

मोठा आणि लहान मॅजेलन मेघ या खरे तर छोट्या दीर्घिका आहेत. एक सुमारे १ लाख ६० हजार, तर दुसरी सुमारे २ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. दक्षिण गोलार्धात त्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. दोघींच्या परस्परांवरील ओढीमुळे त्यांच्यातला वायू बाहेर खेचला गेला. आकाशगंगेभोवतीच्या विरळ, तप्त वायूतून जाताना तो आणखी मागे पडला. अर्ध्या आकाशाहून लांब पसरलेल्या या पट्ट्याला ‘मॅजेलन प्रवाह’ म्हणतात. त्याचे मेघांशी असलेले नाते १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्क्स रेडिओ दुर्बिणीमुळे स्पष्ट झाले.

असा वायू तबकडीवर आदळतो तेव्हा काय होते? त्याची दिशा आणि वेग तबकडीतल्या वायूपेक्षा वेगळा असतो. त्यामुळे धडकेच्या जागी वायू दाबला जातो, ढवळला जातो. दाबलेला वायू थंड होऊन आकसला, तर त्यातून तारे जन्मतात. मेघांच्या पुढे धावणाऱ्या वायूच्या फाट्याजवळ सापडलेला एक तारकागुच्छ २०२० मध्ये जाहीर झाला. त्याचे वय जेमतेम १२ कोटी वर्षांच्या आसपास आहे. तिथे जुन्या ताऱ्यांचीच वस्ती असते, म्हणून हे ‘बाळ’ त्या वायूतूनच जन्मले असावे, असे संशोधकांचे मत आहे.

मात्र येणारा प्रत्येक ढग परका नसतो. १९६० च्या दशकात सापडलेला ‘स्मिथ मेघ’ सुमारे ३ कोटी वर्षांनी तबकडीवर आदळेल, असा अंदाज आहे. हबल दुर्बिणीने त्यातले गंधकाचे प्रमाण मोजले. ते इतके निघाले, की हा ढग मुळात आकाशगंगेच्याच बाहेरच्या भागातून उडाला असावा. वायूचे गाव ओळखायचे ते असे, त्यातल्या जड मूलद्रव्यांवरून.

या धडकांकडे केवळ उपद्रव म्हणून पाहता येत नाही. आकाशगंगेत दरवर्षी साधारण एक ते दोन सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे जन्मतात. बाहेरून भर पडली नाही, तर वायूचा साठा काही अब्ज वर्षांत आटेल आणि नव्या ताऱ्यांचा जन्म थांबत जाईल. मॅजेलन प्रवाहात मात्र अंदाजे २ अब्ज सूर्यांइतका वायू आहे. त्यातला किती तबकडीपर्यंत पोचेल आणि किती वाटेतच तापून विरून जाईल, यावर आकाशगंगेत नवे तारे किती काळ जन्मत राहतील, हे बऱ्याच अंशी ठरेल.