बेड्यांची तालीम

सळई वाकवणारा म्हटला की पहाडासारखा देह डोळ्यांपुढे येतो. अलेक्झांडर झास (१८८८–१९६२) मात्र मध्यम उंचीचा, ७५ किलोंच्या आसपासचा. पहिल्या महायुद्धात रशियन सैन्यातून लढताना तो जखमी झाला आणि ऑस्ट्रियाच्या कैदेत पडला. तेथे व्यायामाची साधने कुठली? हातांतील बेड्या आणि खिडकीचे गज, हीच त्याची तालीम! तो ते सर्व शक्तीनिशी ओढत राही. लोखंड हलत नसे. पण पकड कणखर होत गेली. खरे बळ फुगलेल्या दंडात नव्हे, तर स्नायू हाडांना जोडणाऱ्या कंडरांत असते, असे तो मानी. कैदेतून निसटलेला हा वीर पुढे ब्रिटनच्या रंगमंचावर ‘सॅमसन’ म्हणून गाजला. तेथे तो साखळ्या तोडी, सळया वाकवी. आणि शिकवतानाही शिष्यांच्या हाती साखळीच देई.