वक्तृत्वामागचा व्यासंग

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला रत्नागिरीतील शाळा-महाविद्यालयांतून लोकमान्यांवर भाषणे होतात. शेंगांची टरफले, केसरीची गर्जना, मंडालेचा तुरुंग या ठरलेल्या थांब्यांवरून भाषण धावते आणि टाळ्यांच्या गजरात मुक्कामाला पोचते. याच जिल्ह्याने देशाला दिलेल्या दुसऱ्या थोर वक्त्याच्या वाट्याला मात्र एवढेही येत नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म गुहागरजवळच्या कोतळूक गावी ९ मे १८६६ रोजी झाला. म्हणजे जयंती उन्हाळ्याच्या सुट्टीत येते. पुण्यतिथी १९ फेब्रुवारीची, आणि त्या दिवशी सारा महाराष्ट्र शिवजयंतीच्या उत्सवात असतो. दिनदर्शिकेनेच या गृहस्थाशी वैर धरले आहे असे म्हणावे लागेल.

अर्थात तारखा सोयीच्या असत्या तरी गोखल्यांचे भाषण पाठ करून म्हणून दाखवणे विद्यार्थ्याला जमले नसतेच. त्यात टाळीची वाक्ये नाहीत. आकडे आहेत, तुलना आहेत, सरकारी अहवालांतील उतारे आहेत. आपल्या वक्तृत्व स्पर्धांत उच्चार, हावभाव व पाठांतर यांना जे गुण मिळतात ते पाहता असे भाषण उत्तेजनार्थ बक्षिसालाही पात्र ठरणार नाही. विषय जाहीर झाला की शिक्षक किंवा पालक मजकूर लिहून देतात, आता तर तो भ्रमणध्वनीवर तयारही मिळतो, आणि मूल तो म्हणून दाखवते. त्यातले एखादे विधान कशाच्या आधारावर केले, असे परीक्षकांनी व्यासपीठावरील स्पर्धकाला विचारल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. वस्तुतः भाषणाची खरी परीक्षा तो प्रश्न विचारल्यावरच सुरू होते.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात गोखल्यांनी अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. त्या सभागृहाची रचना ध्यानात घेतल्याविना त्या भाषणाची किंमत कळत नाही. लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी होते. सरकारी सभासदांचे बहुमत पक्के होते. १८९२ च्या कायद्याने बिनसरकारी सभासदांना वर्षातून एकदा अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा तेवढी दिली होती. त्यावर ठराव मांडता येत नसे की मतदान मागता येत नसे. मत नसलेल्या माणसाने अशा ठिकाणी काय बोलावे? आवेश दाखवावा तर तो हास्यास्पद ठरणार, आणि गाऱ्हाणे सांगावे तर ते सौजन्याने ऐकून बाजूला ठेवले जाणार. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेतले आणि ते सरकारसमोर वेगळ्या क्रमाने मांडले.

तिजोरीत लागोपाठ शिल्लक पडत होती, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनंतरही ती पडत असल्याने देशाची प्रकृती ठणठणीत आहे, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. गोखल्यांनी विचारले, ही शिल्लक आली कोठून? १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या. १८९४-९५ च्या सुमारास तेरा पेन्सांच्या आसपास घसरलेला रुपया शतक संपता संपता सोळा पेन्सांवर चढला. इंग्लंडात भरावयाचा खर्च पौंडांत ठरलेला असे. पूर्वी एका पौंडासाठी अठरा रुपयांहून अधिक मोजावे लागत, ते आता पंधरात भागू लागले. रुपया उतरत होता त्या काळात तूट भरून काढण्यासाठी कर वाढवले होते. मिठावरील कर १८८८ मध्ये मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. रुपया सावरला, तूट गेली, पण कर तसेच राहिले. म्हणजे शिल्लक ही रयतेच्या सुबत्तेची खूण नव्हती. महाग झालेला रुपया आणि न उतरवलेले कर यांची ती बेरीज होती. लोक उपाशी असता सरकारजवळ पैसा साठावा हे अर्थशास्त्राच्या मान्य तत्त्वांत बसत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. ती तत्त्वे इंग्रजांनीच शिकवलेली, त्यामुळे ती नाकारणेही त्यांना अवघड होते.

पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठावरील कर दोन रुपयांवर आला. १९०५ मध्ये तो दीड रुपया व १९०७ मध्ये एक रुपया झाला. प्राप्तिकराची किमान मर्यादा १९०३ मध्ये पाचशे रुपयांवरून एक हजारावर नेण्यात आली, ज्याचा लाभ प्रामुख्याने लहान पगाराच्या कारकून-मास्तरांना झाला. हे सारे एका भाषणाने घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. मात्र सरकारला जी पावले टाकावी लागली त्यांच्या बाजूची सर्वांत सुसंगत मांडणी आधीच कामकाजात नोंदली गेली होती, एवढे निर्विवाद आहे.

ही मांडणी एकट्या गोखल्यांची नव्हती, आणि ते त्यांनी लपवलेही नाही. तिच्यामागे गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक मुख्याध्यापक होते. सार्वजनिक काका म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी वेगळे. ते १८८० मध्येच निवर्तले होते. हे जोशी सोलापूरच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक, म्हणजे सरकारी नोकर. उघडपणे सरकारवर टीका करण्याची त्यांना सोय नव्हती. म्हणून न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने चालणाऱ्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात ते लिहीत. जमीनमहसूल, चलन, रेल्वे, लष्करी खर्च या विषयांवरील सरकारी प्रकाशने वर्षानुवर्षे वाचून टिपणे काढून ठेवणे हा त्यांचा उद्योग. शाळेची घंटा, वेळापत्रक, परीक्षांचे पेपर यांतून वेळ काढून केलेले हे काम कोणत्याही पदवीसाठी नव्हते. अंदाजपत्रक हाती आल्यापासून चर्चेपर्यंत मोजकेच दिवस मिळत. तेवढ्यात असे भाषण उभे राहत नाही. ते आधीच्या वीस वर्षांच्या टिपणांतून उभे राहते. १९०२ च्या भाषणानंतर देशभरातून कौतुक होऊ लागले तेव्हा गोखल्यांनी जोशींना पत्र लिहून कळवले की भाषण खरे पाहता तुमचे आहे, आणि श्रेय सारे आपल्याकडे येते याने मन अस्वस्थ होते. सोलापुरातील एका मास्तरांच्या वह्यांची झळ कलकत्त्यात कर्झनच्या अर्थखात्याला लागली; शिक्षकी पेशातील माणसांनी हे विसरू नये. गोखले स्वतःही मास्तरच. न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसनमध्ये त्यांनी शिकवले, आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक पिढ्यांनी वापरले.

आधाराचे महत्त्व त्यांना ग्रंथांतून कळले नव्हते, ते ठेच लागून कळले होते. १८९७ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी लंडनला गेले. रानडे व जोशी यांच्या देखरेखीखाली पाठ पक्का झालेला होता, त्यामुळे उलटतपासणीत ते डगमगले नाहीत. त्याच मुक्कामात पुण्यातील मित्रांची पत्रे आली. प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांत लिहिले होते. गोखल्यांनी तो आरोप इंग्रजी वृत्तपत्रातून मांडला. पुरावा मागण्यात आला. स्वदेशी परतल्यावर त्यांनी शोध घेतला, परंतु पत्रे लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते आणि त्यांची नावे सांगणे गोखल्यांना शक्य नव्हते. अखेर त्यांनी जाहीर क्षमा मागितली. त्यावरून स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरवले. आरोप खोटाच होता असे यावरून सिद्ध होत नाही. भीतीपोटी साक्षीदार गप्प बसतात हे आजही कोणत्याही न्यायालयात दिसते. पण सिद्ध न करता येणारे सत्य भाषणात वापरले की त्याची काय गत होते, हे एकाच माणसाच्या एकाच प्रवासातील या दोन प्रसंगांतून जेवढे स्पष्ट होते तेवढे क्वचितच होत असेल.

लोकमान्यांची तऱ्हा निराळी होती, कारण त्यांचा श्रोता निराळा होता. १९१६ च्या मे-जून महिन्यांत बेळगाव व अहमदनगर येथे त्यांनी स्वराज्यावर भाषणे केली. समोर व्यापारी, शेतकरी, वकील, विद्यार्थी अशी मिश्र गर्दी होती. राजा आणि नोकरशाही यांतला भेद या समाजाला समजावायचा तर घटनाशास्त्राचा उपयोग नव्हता. टिळकांनी देव आणि पुजारी यांचा दृष्टांत घेतला. देव तोच राहो, पुजारी बदलावा, एवढीच मागणी. ज्याने देवळात बडव्यांचा त्रास सोसला आहे त्याला याहून अधिक स्पष्टीकरण नको होते. पण त्याच सभेत दुसराही एक श्रोता होता, तो म्हणजे लघुलिपीत शब्दन् शब्द टिपून घेणारा पोलिसांचा माणूस. तोच दृष्टांत त्याच्या वहीत उतरला तेव्हा त्यात राजाविरुद्ध एक अक्षरही नव्हते. एकच वाक्य दोन श्रोत्यांना दोन कामांसाठी पुरवणे ही तयारी गोखल्यांच्या कोष्टकांपेक्षा हलकी मानण्याचे कारण नाही.

सरकारने त्या तीन भाषणांवरून टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. जिनांनी त्यांची बाजू मांडली आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. न्यायमूर्ती बॅचलर यांनी घेतलेली भूमिका वक्त्यांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सुटे शब्द न निवडता भाषण सबंध वाचावे, आणि ऐकणाऱ्यांच्या मनावर त्याचा स्वाभाविक परिणाम काय झाला असता ते पाहावे, असा तिचा आशय होता.

उत्तम तयारी करूनही हार होते, हेही सांगितले पाहिजे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकासाठी गोखल्यांनी बडोदे संस्थानाचा अनुभव, परदेशांतील कायदे, खर्चाचे अंदाज सारे काही मांडले. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. आकड्यांना मते नसतात.

हा सारा इतिहास रत्नागिरीकरांना आज वेगळ्या कारणाने जवळचा वाटावा. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देण्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. किमान तीस दिवसांची सूचना, अहवालाचा स्थानिक भाषेतील गोषवारा, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष, कामकाजाचे चित्रीकरण अशी तिची रीत. सुनावणीत मतदान होत नाही. बोललेले इतिवृत्तात जाते व इतिवृत्त तज्ज्ञ समितीकडे जाते. म्हणजे तेथे उभ्या राहणाऱ्या ग्रामस्थाची अवस्था १९०२ मधील गोखल्यांसारखीच असते, बोलता येते, ठरवता येत नाही. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची सुनावणी मे २०१० मध्ये माडबनला झाली. अहवाल मराठीतून वेळेवर मिळाला नाही ही ग्रामस्थांची तेव्हाची एक मुख्य तक्रार होती, आणि ती गोखल्यांना सर्वांत आधी कळली असती. अहवालच हाती नाही तर उत्तर कशाला द्यायचे?

अशा सुनावणीत प्रकल्पाच्या बाजूने बोला किंवा विरुद्ध, घोषणांनी मंडप दणाणतो पण इतिवृत्तात त्यांची एक ओळ होते. मिरकरवाड्याच्या बंदरावरील मच्छीमाराने पाच वर्षांच्या डिझेलच्या पावत्या व मासळीच्या लिलावाचा हिशेब शेजारी शेजारी मांडला, बागाईतदाराने वाशीच्या दलालाकडून आलेल्या आंब्याच्या पट्ट्या व फवारणीची बिले जोडली, आणि दोघांनी मत्स्यव्यवसाय व कृषी खात्यांच्या प्रसिद्ध आकड्यांशी त्यांचा मेळ घालून दाखवला, तर समितीला उत्तर लिहावे लागेल. त्यासाठी गावागावांत एखादा जोशी मास्तर हवा. महाविद्यालयांतील अर्थशास्त्राच्या वर्गांनी वर्षातून एक स्पर्धा अशी घेण्यास हरकत नाही, जीत पाच मिनिटे भाषण आणि दहा मिनिटे उलटतपासणी असेल. परीक्षकांसमोर स्पर्धकाने आपली टिपणवही ठेवावी, आणि बाकी गुण त्या वहीला द्यावेत.