सायकलचं हँडल पोटात लागलं तर

सायकलवरून पडलेलं पोर घरी येतं. गुडघा खरचटलेला दिसतो, आपण हळद लावतो. पोटावर हँडलचा गोल वळ उमटलेला असतो, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. वॉर्डात ड्युटी करताना आम्ही अशी पोरं दोन-तीन दिवसांनी आलेली पाहिली आहेत. पोट फुगलेलं, उलट्या, अंगात ताप.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर स्वादुपिंड आडवं पसरलेलं असतं. हँडल, गाडीचं स्टेअरिंग किंवा लाथ जोरात बसली की ते कण्यावर चेपलं जातं, कधी मधोमध फाटतं. आतली नळी तुटली तर पाचक रस पोटात पाझरतो आणि आजूबाजूचा भाग खराब करू लागतो. लाथेचं मुद्दाम लिहिलं. नवऱ्याने मारलं तरी बाई ‘घसरून पडले’ सांगते. काय लागलं आणि कुठे लागलं हे खरं कळलं, तरच डॉक्टर योग्य जागी शोधतील.

सोनोग्राफीत पोटातल्या हवेमुळे स्वादुपिंड नीट दिसत नाही. म्हणून शिरेतून औषध देऊन सीटी स्कॅन करतात. किडनीचा आजार, औषधाची अ‍ॅलर्जी किंवा दिवस गेलेले असतील तर आधीच सांगावं.

आता खरी अडचण. मार लागल्यावर पहिल्या 12 तासांत काढलेला सीटी कधी कधी नॉर्मल येतो. फाटलेले भाग एकमेकांना चिकटून असतात, सूज आणि पाणी नंतर दिसतं. रक्तातलं अमायलेजही सुरुवातीला नॉर्मल असू शकतं. म्हणून पोट दुखतच राहिलं तर डॉक्टर 24 ते 48 तासांत पुन्हा स्कॅन सांगतात.

“एकदा काढला ना, आता परत कशाला? पैसे उकळतायत,” असं नातेवाईक म्हणतात. हा संशय दरवेळी खोटा असतो असं आम्ही म्हणणार नाही. पण इथे दुसरा स्कॅन टाळून पेशंट घरी नेला तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना सरळ विचारा, “स्वादुपिंडाची नळी तुटली आहे का?” चीर खोल दिसली तर नळी पाहायला एमआरसीपी नावाची वेगळी तपासणी लागते. नळी शाबूत असेल तर बहुतेकदा ऑपरेशनशिवाय भागतं. खर्चाचं काय, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत ही केस बसते का, ते तो सांगेल.

घरी आल्यावरही काही आठवडे लक्ष ठेवावं लागतं. रस साचून पाण्याची गाठ होते, कधी पू होतो, क्वचित रक्तवाहिनी फुगून आत रक्तस्राव होतो. ताप, पोटात गोळा, परत उलट्या किंवा काळी शी झाली तर थांबू नका. जाताना जुन्या फिल्म आणि डिस्चार्ज कार्ड पिशवीत घाला, नव्या स्कॅनशी डॉक्टर त्या ताडून पाहतात.